आईवडिलांचं बिऱ्हाड हलवायचंय? विषय काढण्याआधी हे वाचा

‘म्हातारपणी घर लहान करा’ हा सल्ला मुंबईत ऐकायला गमतीचा वाटतो. लालबागच्या १८० चौरस फुटांच्या खोलीतून माणूस आणखी किती लहान होणार? वरळीच्या बीडीडी चाळीतले लोक तर पुनर्विकासात १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत चाललेत. आपल्याकडे उतारवयात घर बदलायचं ते बहुतेक वेळा जिन्यामुळे. तिसरा-चौथा मजला, लिफ्ट नाही, गुडघे गेलेले, आणि मुलं मुलुंड, डोंबिवली नाहीतर पुण्याला. मग एक दिवस कोणाच्या तरी लक्षात येतं की बाबा गेले तीन आठवडे खाली उतरलेलेच नाहीत.

मी यातून दोन वर्षांपूर्वी गेले. आईबाबांना लालबागच्या तिसऱ्या मजल्यावरून मुलुंडला आणलं. त्यातलं पहिलं वर्ष नुसतं भांडण्यात गेलं, आणि त्यात चूक बरीचशी माझी होती. तुम्ही पहिल्यांदाच या फंदात पडत असाल तर क्रम लक्षात ठेवा. कामं सगळ्यांना माहीत असतात, घोटाळा होतो तो कुठलं आधी आणि कुठलं नंतर यात.

१. आधी भावंडांनी आपसात बोलून घ्यावं

आईवडिलांसमोर जाण्याआधी. ठराव करायला नाही, मनातलं बाहेर काढायला. प्रत्येकाने तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: मी महिन्याला किती वेळ देऊ शकतो, किती पैसे देऊ शकतो, आणि या घराकडून माझी काही अपेक्षा आहे का. तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि पुढची सगळी भांडणं त्यातूनच निघतात. माझा भाऊ पुण्यात असतो. तो पहिल्याच फोनवर म्हणाला, “विकून टाकू, आहे काय त्यात?” मला वाटलं याला पैसे हवेत. त्याला वाटत होतं मी खोलीवर डोळा ठेवून आहे. खरं म्हणजे दोघांनाही रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनची भीती वाटत होती. हे कळायला सहा महिने लागले.

सुना-जावयांना या बोलण्यात घ्या. जेवण, औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या ज्या बाईच्या अंगावर पडणार तिला शेवटी कळवणं हा आपल्या घरांतला जुना रोग आहे.

२. कागद बघा, पण गाजावाजा न करता

घर नेमकं कशा प्रकारचं आहे हे माहीत नसताना ‘विकू’, ‘भाड्याने देऊ’ अशी वाक्यं बोलू नका. मुंबईत ‘आमचं घर’ या शब्दांखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी असतात.

पागडीची खोली (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेली) असेल तर तुमचे आईवडील मालक नाहीत, भाडेकरू आहेत. भाडेपावती कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. कित्येक घरांत ती अजून आजोबांच्या नावाने येते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली आहे, पण खोली दुसऱ्याच्या नावे करायला मालकाची संमती लागते आणि तो रकमेतला हिस्सा घेतो. साधारण तिसरा हिस्सा ही रूढी, बाकी घासाघीस. दोन गोष्टी इथे फार लोक चुकतात. एक, ‘आईबाबांना आपल्याकडे नेऊ, खोलीला कुलूप लावून ठेवू’ हा सोपा वाटणारा मार्ग. योग्य कारणाशिवाय जागा सलग सहा महिने वापरात नसेल तर मालक ती परत मिळवण्यासाठी दावा लावू शकतो. दुसरी, भाडेकरू गेल्यावर हक्क आधी त्याच्याकडे जातो जो कुटुंबीय त्या वेळी सोबत राहत होता. पुण्यात फ्लॅट घेतलेल्या मुलाने खोली आपसूक आपली होईल असं धरून चालू नये.

मालकीचा फ्लॅट असेल तर मूळ करारनामा, सोसायटीचं भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि नामनिर्देशन (नॉमिनेशन), हे तीन कागद. बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे की आईचंही नाव आहे? नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हे भावंडांनी एकदा मोठ्याने वाचून घ्यावं. सोसायटी नॉमिनीशी व्यवहार करते, मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते.

इमारत पुनर्विकासाला जाणार असेल तर सगळं गणितच बदलतं. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीतल्या निवासी भाडेकरूला पुनर्विकासात किमान ३०० चौरस फूट मिळतात, त्यामुळे ‘आता सोडू नका’ असं सगळी चाळ सांगते. बरोबरच आहे. पण त्यात म्हाताऱ्या माणसाला दोनदा हलावं लागतं: आधी संक्रमण शिबिरात (तात्पुरत्या घरात) किंवा बिल्डरने दिलेल्या भाड्यावर दुसरीकडे, मग काही वर्षांनी परत. ऐंशीच्या माणसाला ‘चारेक वर्षांत नवी जागा’ हे सांगताना त्याच्या चेहऱ्याकडे बघा. हक्क शाबूत ठेवून त्यांनी मधली वर्षं कुठे काढायची, हाच खरा प्रश्न असतो. करारावर सही करण्याआधी तो आपल्या वकिलाकडून वाचून घ्या. बिल्डरने दिलेला वकील आपला नसतो.

३. विषय कधी काढायचा

गणपतीत नाही. सगळे एकत्र जमतात, आरती होते, मोदक होतात आणि कोणीतरी म्हणतं, “आता सगळे आहोत तर बोलूनच घेऊ.” पंधरा माणसांसमोर कुठलाही बाप ‘मला जिना चढवत नाही’ असं कबूल करणार नाही. हॉस्पिटलमधून घरी आल्याच्या आठवड्यातही नाही. तेव्हा ते घाबरून हो म्हणतात आणि महिन्याने तो शब्द तुमच्या तोंडावर फेकतात. व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर तर कधीच नाही.

दुपारचा चहा बरा. एक मूल, दोघं आईवडील, टीव्ही बंद.

पहिलं वाक्य फार महत्त्वाचं. माझं होतं, “बाबा, हे घर आता तुम्हाला झेपत नाही.” त्यांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, “तुला झेपत नसेल तर येऊ नकोस.” चार महिने तो विषय घरात निघाला नाही.

दुसऱ्यांदा मी घराचं नावच काढलं नाही. विचारलं, “बाबा, दिवसातून किती वेळा खाली जाता?”

“पूर्वी दोनदा जायचो. आता एकदा.”

“आणि संध्याकाळी कट्ट्यावर?”

“ते लोक काय... बोलतात तेच तेच.”

आई आतून म्हणाली, “दिवाळीपासून गेलेले नाहीत.”

आमच्या जिन्याला ६२ पायऱ्या. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वळणावर एक निळी प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, बाबांना टेकायला. ती कोणासाठी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण कोणी बोलत नसे. त्या दुपारी बाबाच पहिल्यांदा म्हणाले, “ती खुर्ची नसती तर मी कधीच घरात बसलो असतो.” मी काहीच बोलले नाही. त्या दिवसापुरतं तेवढं पुरे होतं. तुमच्याही पहिल्या बैठकीत निर्णयाची घाई करू नका. त्यांच्या तोंडून एक खरी अडचण निघाली तर बैठक झाली असं समजा.

दिवसाबद्दल विचारा: दूध कोण आणतं, मोरीत पाय घसरतो का, रात्री किती वेळा उठावं लागतं, औषधं संपली तर काय करता. घराबद्दलचं उत्तर त्यातून आपोआप बाहेर येतं.

४. ‘नाही’ म्हणजे नेमकं काय नाही, ते शोधा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. म्हातारी माणसं जे कारण सांगतात ते बहुतेकदा आडपडदा असतो.

‘इतकी वर्षं राहिलो इथे’ याचा अर्थ पुष्कळदा असा की तिकडे मला कोण ओळखणार. लालबागला आईला भाजीवाली न सांगता कोवळी गवार बाजूला काढून ठेवायची. वाण्याकडे खातं. डॉक्टर कुटुंबाचे, फाइल न बघता औषध देणारे. रात्री दुखलं तर भिंतीवर थाप मारली की शेजारचा मुलगा हजर. ही सगळी व्यवस्था आहे, नुसत्या आठवणी नाहीत, आणि नव्या जागी ती तुम्हाला उभी करून द्यावी लागेल. ‘मी आहे ना’ हे त्याचं उत्तर नाही, कारण तुम्ही सकाळी ८:१२ ची लोकल पकडता.

‘उगाच खर्च’ म्हणजे आपल्यामागे दुसऱ्याला काही उरणार नाही ही भीती, किंवा मुलाचा पैसा वापरायची लाज. ‘तुमचं चालू द्या’ म्हणजे तुम्ही सगळं आधीच ठरवून आला आहात हे कळलंय.

आईचं ‘नाही’ मला सगळ्यात उशिरा कळलं. ती देव्हाऱ्याचं कारण सांगायची. पूर्वेला तोंड, नळाचं पाणी, अमकं तमकं. मग एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली, “मुलीच्या घरी जाऊन राहायचं का आता?” मुलगा असताना मुलीकडे राहणं, जावयाच्या फ्रिजमधून न विचारता दही काढणं, हे तिला जमणारच नव्हतं. त्यावर कितीही भाषण दिलं तरी ती भावना जात नाही. उपाय साधा निघाला: माझ्याच गल्लीत दोन इमारती सोडून वन रूम किचन, भाडं त्यांच्या पेन्शनमधून आणि भावाच्या पैशातून. हाकेच्या अंतरावर, पण चूल वेगळी.

५. पर्याय कमीत कमी तीन ठेवा, आणि त्यातला एक ‘न हलणं’ असू द्या

‘न हलणं’ यादीत नसेल तर बाकीची यादी त्यांना धमकीसारखी वाटते. मोरीत पकडायला दांडे, खरखरीत फरशी, कमोड, जिन्यात उजेड, वरकामाला बाई, वाण्याकडून घरपोच सामान, एवढ्यावर दोन-तीन वर्षं नीट निघू शकतात. कधी कधी तेवढंच हवं असतं.

त्याच वस्तीत लिफ्टच्या इमारतीत भाड्याने जाणं हा मला सगळ्यात चांगला पर्याय वाटतो. भाजीवाली, डॉक्टर, कट्टा सगळं तेच राहतं. परवडत नाही, एवढीच त्याची अडचण. जागा घेताना लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीच्या भाड्याचा) करार नोंदणीकृतच करा, कायद्याने ते बंधनकारक आहे. आणि मुदतीच्या आत मालक बाहेर काढू शकेल का ते कलम वाचा. दर अकरा महिन्यांनी ऐंशीच्या माणसाला सामान बांधायला लावणं म्हणजे छळ आहे.

गाव. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या प्रत्येक मुंबईकर बापाचं हे स्वप्न असतं आणि त्यावर हसू नये. पण मे महिन्यातलं गाव बघून ठरवू नका. जुलैत जाऊन राहा: वीज जाते, वाट निसरडी, आणि छातीत दुखलं तर मोठं हॉस्पिटल किती तासांवर? हे गणित त्यांनाच करू द्या.

वृद्धनिवास म्हटलं की घरात सुतक पडल्यासारखी शांतता होते. तरी सगळ्याच जागा सारख्या नसतात. जोडप्याला स्वतंत्र खोली, परिचारिका, वेळेवर जेवण देणाऱ्याही आहेत. बघायला गेलात तर न सांगता जेवणाच्या वेळी जा, आणि अनामत रक्कम परत मिळण्याच्या अटी लेखी घ्या. सोडून जाताना काय होतं हा प्रश्न तिथे आधी विचारावा लागतो.

६. एक महिना राहून बघा

कायमचं ठरवण्याआधी. तोही पावसाळ्यात बघितला तर उत्तम, कारण मुंबईत कुठल्याही जागेचं खरं रूप तेव्हाच कळतं: पाणी कुठे तुंबतं, रिक्षा येते की नाही, भिंतीला ओल आहे का. बाबांना मुलुंडला आम्ही ‘गुडघ्याच्या फिजिओथेरपीसाठी’ महिनाभर आणलं होतं. खरंच फिजिओ होती, बनाव नव्हता. पहिला आठवडा ते रोज लालबागच्या मित्रांना फोन करत. दुसऱ्या आठवड्यात त्यांना जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ सापडला, तिथे कोणीतरी परळच्या गिरणीत काम केलेलं निघालं, आणि मग ते जेवायला वेळेवर येईनात. असे संघ मुंबई-ठाण्यात जवळजवळ प्रत्येक वस्तीत आहेत; घर बघायच्या आधी संघ कुठे भरतो ते बघा म्हटलं तरी चालेल.

विसरण्याचा आजार सुरू झाला असेल तर हा प्रयोग डॉक्टरांना विचारून. जागा बदलली की असा माणूस जास्त गोंधळतो. तीच खाट, तीच चादर, तेच घड्याळ, आणि संडास खाटेवरून दिसेल असा.

७. पैसा आणि लिखापढी

इथे भावनेत वाहून जाऊ नका, विशेषतः आईवडिलांनी. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे (अधिभार आणि नोंदणी वेगळी). स्वस्त आहे म्हणूनच धोका आहे. एकदा दिलं की घर गेलं. द्यायचंच असेल तर ‘हयातभर सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द दस्तात आलेच पाहिजेत; तशी अट असेल आणि सांभाळ झाला नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकतं. मी मुलगी म्हणून सांगते, हयातीत नावावर करून मागणाऱ्या मुलाबाळांना थोडं थांबायला सांगावं. मृत्युपत्र करता येतं, ते हवं तितक्या वेळा बदलता येतं, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये.

घर विकून दुसरं घेणार असाल तर करसल्लागाराला विक्रीच्या आधी भेटा, नंतर नव्हे. राहत्या घरावरचा दीर्घ मुदतीचा नफा दोन वर्षांत दुसऱ्या घरात घातला तर कर वाचतो. पागडीच्या हक्काचे नियम वेगळे. मुंबईत खरेदीवर मुद्रांक शुल्क ६ टक्के आहे, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत. आईच्या नावावर घेण्याचं हे एकमेव कारण नाही, पण चांगलं कारण आहे. विकून आलेली रक्कम आईबाबांच्या खात्यात जमा व्हावी आणि तिथेच राहावी. ‘तात्पुरते माझ्याकडे ठेवतो’ म्हणणाऱ्याला, तो कितीही लाडका असला तरी, नाही म्हणा.

कोणी जबरदस्ती करत असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे. आईवडिलांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या, कारण विचारू नका.

८. सामान

लहान घरात सामान कमी असेल असं वाटतं. आमच्या माळ्यावरून दोन ट्रंका, सात पितळी डबे, तांब्याचा बंब, पाळण्याच्या साखळ्या आणि १९८२ च्या संपाच्या काळातल्या कात्रणांची पिशवी निघाली. बाबा गिरणीत होते.

उपसायला आईबाबा असतानाच बसा. ते फिरायला गेलेत तोवर ‘आवरून’ टाकू नका. रोज एक तास, एकच फडताळ. आईने हातात धरलेल्या वस्तूबद्दल ती बोलायला लागली तर मध्ये तोडू नका, त्यात दुपार गेली तरी चालेल. जुन्या साड्यांसाठी बोहारीण, कागदांसाठी रद्दीवाला, पितळेसाठी मोडीचे दोन दुकानदार विचारा, भावात फरक पडतो. फोटोंचे अल्बम मात्र नातवाला मोबाइलवर काढायला लावा आणि मागे आईच्या तोंडून नावं लिहून घ्या. आमच्याकडे अर्ध्या बारशांतली बाळं कोण हे आता कोणालाच सांगता येत नाही.

देव्हारा शेवटच्या दिवशी, आणि तो ट्रकमधून नाही. आईने मांडीवर घेऊन टॅक्सीत नेला.

९. पोचल्यावरचे तीन महिने

गॅस, रेशनकार्ड, आधारचा पत्ता, मतदार यादी, बँकेची शाखा ही कामं एका वहीत लिहून एकेक उरका. पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला विसरू नका. तो आता मोबाइलवरूनही देता येतो, बँकेत रांगेत उभं करायची गरज नाही. जुन्या डॉक्टरांकडून आजारांची आणि औषधांची चिठ्ठी घेऊन नव्या डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात भेटवा, दुखणं येण्याआधी.

पहिल्या महिन्यात ते चिडतील. पाणी बेचव, भाजी महाग, लोक माणूसघाणे. वाद घालू नका.

आणि दोनदा तरी जुन्या जागी नेऊन आणा. आम्ही मुलुंडहून दुपारी स्लो गाडीने करी रोडला उतरलो. वर चढवायचा हट्ट धरू नका. शेजाऱ्यांना आधी फोन केला तर तेच खाली येतात. काकूंनी ती निळी खुर्ची खाली आणून अंगणात ठेवली होती, शेजारी स्टुलावर चहाचा थर्मास. जेवणाचा घाट कोणाला घालू देऊ नका, चहा पुरतो. आणि परतीची गाडी चारच्या आत पकडा, त्यानंतर करी रोडला म्हाताऱ्या माणसाला घेऊन चढता येत नाही.